पूल अजून उभा आहे

नदीला पाणी आलं की मी आत्याला फोन करते. नांदेडहून चाकूरकडचं आभाळ दिसत नाही, पण मोबाइलवर पावसाचा नकाशा दिसतो, आणि त्यात चाकूरच्या अंगाला निळ्याचं जांभळं झालं की मला चैन पडत नाही. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढची. तिला ऐकू नीट येतं, दिसतं मात्र कमी. ती म्हणते, "आगं, घरात पानी न्हाई आलं. आमी समदे बेस हाव. तू कशाला इतका जीव जाळायलीस?" मग फोन ठेवून ती शेजारणीला सांगते की माझी भाची लांब नांदेडला राहून आमची काळजी करती, पोटची लेक करणार नाही एवढी. हे मला दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, कौतुकानं सांगितलं. तेव्हापासून तो फोन लावताना मला जास्तच चोरट्यासारखं होतं. कारण घरात पाणी आलं का हे मी एकदाच विचारते. पुलावर किती पाणी आहे हे फिरून फिरून विचारते.

जुने पूल तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. पूल, पाण्याच्या उंच टाक्या, रस्त्याखालच्या मोऱ्या. जे जे निजामाच्या काळात किंवा त्यानंतरच्या पहिल्या उत्साहात बांधलं गेलं आणि मग सगळे विसरून गेले, ते ते. हदगावच्या रस्त्यावरची मोरी झाली की हिमायतनगरकडची टाकी, असं वर्षभर चालू असतं. पूर्वी या कामाला माणूस कमरेला दोर बांधून खाली उतरायचा आणि हातोडीनं ठोकत जायचा. आता आमच्याकडे ड्रोन आहे, आणि एक चाकांचा रोबो आहे, जो हवा ओढून भिंतीला चिकटतो आणि उभ्या खांबावर चढत जातो. त्याला आम्ही सगळे घोरपड म्हणतो. घोरपडीच्या तोंडाशी एक बारकी हातोडी आहे. ती जागोजागी ठोकते, आवाज ऐकते आणि आत भरीव आहे की पोकळ ते कळवते. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसंच. ड्रोन फोटो काढतो. कॉम्प्युटर मागच्या वर्षीचा फोटो आणि यंदाचा फोटो एकावर एक ठेवतो आणि कुठली भेग केसभर वाढली ते सांगतो. मागचं काहीच नसेल तर मात्र त्यालाही काही सांगता येत नाही.

या यंत्रांवर माझा जीव आहे. माणूस तपासणीला गेला की गावात चहा होतो, कुणाची तरी ओळख निघते, आणि जिथे लाल लिहायचं तिथे हळूच पिवळं लिहिलं जातं. घोरपड चहा पीत नाही आणि ती कुणाची भाची नसते. हे वाक्य मी नांदेडला एका कार्यक्रमात बोलले होते आणि लोक हसले होते. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

भेगा वाचायला मला बाबांनी शिकवलं. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव किल्लारीपासून लांब, त्यामुळे आमच्याकडे माणसं गेली नाहीत. पण गणपती बुडवून झोपलेलं गाव पहाटे जे बाहेर पळालं, ते पुढं कितीतरी दिवस आत झोपायला गेलं नाही. आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं. एक भिंत पोट काढून उभी राहिली होती. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी त्या भिंतीवरच्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना खिळ्यानं आडव्या रेघा ओढल्या आणि रोज सकाळी मला घेऊन ते बघायला जायचे. "रेघंच्या पुढं गेली का गं?" गेली असली की मी मान डोलवायचे. मला तो खेळ वाटायचा. काही दिवसांत भेगा रेघा ओलांडून बऱ्याच पुढे गेल्या, आणि बाबांनी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं.

आत्याचं घर पत्र्याचं होतं. पत्रा पडला तर डोक्याला खोक पडते, माळवद पडलं तर माणूस सापडत नाही, एवढं गणित त्या वर्षी लातूरकडच्या पोरासोरांनाही पाठ झालं होतं. आत्याचे यजमान लवकर गेले होते आणि ती एकटीच शेत सांभाळत होती. तिनं गुरांची पडवी रिकामी करून, सारवून आम्हाला दिली. तिच्या गावाला जायचं तर मध्ये नदी. नदी कसली, ओढ्याची थोरली बहीण. पण तिच्यावर एक जुना पूल आहे आणि जवळचा रस्ता तेवढाच. आमची बैलगाडी पुलापाशी आली तेव्हा बाबांनी सगळ्यांना खाली उतरवलं. गाडी रिकामी पलीकडे गेली, मागून आम्ही एकेक करून चालत गेलो. मग बाबा खाली पात्रात उतरले. मधल्या खांबावर एक भेग होती, वाकडीतिकडी, त्यांच्या हाताएवढी लांब. दुसऱ्या दिवशी ते छिन्नी-हातोडी घेऊन गेले आणि तिच्या दोन्ही टोकांना रेघा कोरून आले.

आम्ही आत्याकडे वर्षभर राहिलो. दर रविवारी बाबा मला घेऊन पुलाखाली जायचे. ती भेग जागची हलली नाही. "ही जुनीच हाय," बाबा म्हणाले. "भूकंपाची न्हाई. हिला भ्यायचं काम न्हाई." भ्यायचं काम नाही असं कुणी मोठ्या माणसानं म्हटलेलं त्या वर्षी मी तेवढंच ऐकलं. आत्यानं त्या वर्षात आमच्या ताटात काय वाढलं ते पुढं कधीही बोलून दाखवलं नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, बहिणीचं हे फेडायचं राहिलं.

पुढं मी लातूरला शिकले. तेव्हा तिथे शिकवण्यांचं पेव नुकतं फुटत होतं. आता तर चौकाचौकात डॉक्टर-इंजिनियर झालेल्या पोरांचे फोटो लावलेले असतात, आणि भूकंपानंतर दुसरा मजला चढवायला घाबरणाऱ्या माणसांनी पोरांना खोल्या भाड्यानं देण्यासाठी मजल्यावर मजले चढवले आहेत. दादाची मुलगी याच गर्दीत गेली. मला ती आत्तू म्हणते. दहावीला तिला भरघोस मार्क पडले आणि डॉक्टर व्हायचं म्हणून तिनं लातूरला शिकवणी लावली. दादा तिला लातूरला ठेवायला तयार नव्हता. पोरीला एकटं कसं ठेवायचं हे एक, आणि आत्याच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषधाचे थेंब कोण घालणार हे दुसरं. दादा आणि वहिनी दोघंही दिवसभर शेतात.

यातून तोड निघाली ती मुक्कामी एसटीची. रात्री गावात मुक्कामाला असलेली गाडी सकाळी लवकर लातूरला निघायची. पोरगी आजीच्या डोळ्यांत थेंब घालून तिच्यात बसायची आणि संध्याकाळी परत यायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तिची ठरलेली. कंडक्टर तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. गाडी दारात येते म्हणून दादा हो म्हणाला होता. गाडी नसती तर तो हो म्हणालाच नसता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

असं असताना तो पूल तपासणीसाठी आमच्याकडे आला. खरं तर ते काम मी दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं. पण मला बाबांच्या रेघा बघायच्या होत्या. त्या पुलाचे जुने फोटो नव्हते, जुनी मोजमापं नव्हती, कॉम्प्युटरला ताडून बघायला काहीही नव्हतं. माझ्याकडे मात्र होतं. भेग अजून त्या दोन रेघांच्या आत असेल, तर इतक्या वर्षांत ती हलली नाही याहून चांगला पुरावा कुठल्या यंत्रानं दिला असता? मला इतका आनंद झाला की मी लगेच दादाला फोन केला.

"दादा, पुढच्या आठवड्यात तुमचा पूल तपासायला येतेय मी. मधल्या खांबावरची भेग आठवते का? ती बघायची आहे."

"ये की," दादा म्हणाला. "आमी बी बघतो."

एवढंच बोलणं झालं. रेघांचं मी बोललेच नाही. मला वाटलं, तिथे गेल्यावर दाखवीन आणि सगळ्यांना चकित करीन.

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की अंगण सारवतात आणि पोपडे आलेल्या भिंतीवर चुन्याचा हात फिरवतात. साहेब यायचा म्हटलं की सगळं गाव तेच करतं. मी पाहुणी होते आणि साहेबही. हे मला कळायला पाहिजे होतं. मी त्याच मातीतली आहे.

आमची जीप वळणावर आली आणि समोर पूल पांढराशुभ्र दिसला. कठड्याला चुना, खांबांना चुना. ड्रोन उडवणारा माझा सहकारी नांदेडच्या जुन्या गावातला. त्याच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि त्याची नजर बापासारखीच बारीक. तो काचेतून बघत म्हणाला, "मॅडम, पुलकू तो दुल्हन बनाके रखे लोगां." मी हसले. खरंच हसले, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

पुलापाशी निम्मं गाव जमलं होतं. आत्याला खुर्ची आणून बसवलं होतं. घोरपड जीपमधून खाली काढली तशी आत्या चाचपडत पुढं आली आणि तिनं यंत्राच्या पाठीवर हळदकुंकू लावलं. "हिचा बी मान असतोय," ती म्हणाली. मग मी खाली पात्रात उतरले, मधल्या खांबाकडे गेले आणि जागच्या जागी थांबले.

भेग भरायची तर गवंडी आधी तिला छिन्नीनं उकलतो, रुंद करतो, म्हणजे सिमेंट आत धरतं. गावानं चाकूरहून गवंडी आणला होता आणि त्यानं मन लावून काम केलं होतं. भेग होती तिथे सिमेंटचा रुंद पट्टा होता, दोन्ही टोकांना वीतभर पुढं गेलेला, वर चुना. बाबांच्या रेघा त्यानं छिन्नीनं उडवल्या होत्या. नुसत्या झाकल्या असत्या तर गिलावा खरवडून काढता आला असता. त्या आता नव्हत्याच.

दादा माझ्यामागं उतरून आला होता. तो खुशीत होता. "गावची भाची पूल तपासायला येनार आन् पुलाला भेगा, कसं दिसलं असतं ते? चार जनांनी हात लावला, एका दिसात केलं. तुला नाव ठिवायला जागा ठिवली न्हाई."

"कुणी सांगितलं होतं तुला?" मी ओरडले. वर कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

दादाचा चेहरा पडला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं उगीच तोंड पुसलं. "काय चुकलं का?"

मी त्याला काय सांगणार होते? "काही नाही," म्हटलं. "चल, वर जाऊ." माझा आवाज चढलेला तो त्यानंतर दिवसभर खाली आला नाही असं सहकारी म्हणाला. मी चिडले होते ती स्वतःवर, पण बोलणी खाल्ली दादानं.

पुढचं घोरपडीनं केलं. नवं सिमेंट जुन्या काँक्रीटला नीट चिकटलं नव्हतं, त्यामुळे जिथे जिथे गावकऱ्यांनी पट्टे भरले होते तिथे तिथे पोकळ आवाज येत गेला. आत खरोखर पोकळ आहे की नुसता वरचा थर पोकळ वाजतोय, हे तिला सांगता येत नव्हतं. लॅपटॉपवर खांब लाल होत गेला. लोक माझ्या खांद्यावरून बघत होते. एकानं विचारलं, "लाल म्हंजी चांगलं का वो?" आत्या खुर्चीतून म्हणाली, "चांगलंच असंल. पोरगी मन लावून बघायली की."

जेवायला येसर आमटी आणि धपाटे होते. तेवढ्यात मुक्कामी गाडी त्याच पुलावरून आली आणि पोरगी दप्तर टाकून माझ्याजवळ येऊन बसली. घोरपडीला कळतं कसं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. तिनं घास हातात धरून विचार केला.

"म्हंजी आधीचं कायतरी पायजे ताडून बघायला."

"हो."

"मग आपल्या पुलाचं आधीचं हाय का, आत्तू?"

समोर दादा जेवत होता, मान खाली घालून. मी म्हटलं, "नाही. काही नव्हतं."

नांदेडला येऊन मी अहवाल लिहायला बसले. मला दोन रस्ते होते. आतून नीट तपासणी होईपर्यंत पूल हळू वेगानं चालू ठेवा असं लिहायचं, किंवा तोपर्यंत बंद ठेवा असं लिहायचं. झाकलेली भेग वाईटच धरायची असा आमच्या कामाचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. चालू ठेवा म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कारण होतं. बाबा म्हणाले होते, हिला भ्यायचं काम नाही. ते त्या रकान्यात लिहिता येत नव्हतं. आणि लिहायला हात धजलाही नसता, कारण डोळ्यांपुढं सारखी एसटी येत होती, भरलेली, सकाळची, आणि ड्रायव्हरच्या मागची ती खिडकी. चौथीत पाहिलेली पोट काढलेली भिंत मध्येच त्या खांबाच्या जागी यायची. मी बंद लिहिलं.

कुणीही विचारलं तर मी सांगीन की दुसऱ्या कुठल्याही गावचा पूल असता तरी मी हेच लिहिलं असतं. तरी माझं मन मला खातं. लाल घोरपडीनं दाखवलं, बंद मी केलं, आणि मी केलं ते पुलाला भिऊन की त्या पहाटेला भिऊन, हे मला आजही सांगता येत नाही.

पुलाच्या दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग पडले, पाटी लागली आणि मुक्कामी गाडी बंद झाली. लांबच्या वळशानं एक गाडी सुरू झाली, पण ती दुपारी येते आणि कुणाच्याच कामाची नाही. दादा पोरीला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला लागला. मुरमाच्या ढिगावरून, कडेकडेनं. पेरणीच्या दिवसांत रोज जमेना, आणि एका सकाळी चिखलात गाडी घसरली. पोरीचं मनगट दुखावलं. फार नाही, पण आत्या म्हणाली, बास झालं आता.

मी धावतपळत गेले. म्हटलं, तिला माझ्याकडे नांदेडला पाठवा. नांदेडला शिकवण्या काय कमी आहेत, माझ्या घरातून जाईल-येईल. दादानं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्या घरी ठिवायला आमी न्हाई कशाला म्हनू," तो म्हणाला. "पर आईला कोन बघंल? तिला आता ताटातलं बी दिसंना झालंय. आन् तू निम्मा महिना फिरतीवर." हे खरं होतं. मी वहिनीकडे बघितलं, तिनं मान वळवली. पोरगी चुलीपाशी बसून आजीसाठी भाकरी कुस्करत होती. तिला विचारायचं मला सुचलं नाही. आता वाटतं, निदान विचारायला तरी हवं होतं.

ती घरी मोबाइलवर अभ्यास करत राहिली. त्यांच्याकडे नेटवर्क अंगणाच्या कोपऱ्यात तेवढं येतं. तिथे उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन ती बसायची. परीक्षा दिली, मार्क कमी पडले. आता चाकूरच्या कॉलेजात बी.ए.ला तिचं नाव आहे. नाव आहे म्हणजे नावच आहे. परीक्षेला जाऊन येते. दादानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. उलट पाहुण्यारावळ्यांत सांगतो, आमच्या बहिणीनं केलं ते आमच्या जिवासाठीच केलं. तो असं म्हणाला की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

मी आतून तपासणी करा म्हणून तीनदा पाठपुरावा केला. वरून उत्तर आलं की नव्या पुलाचा प्रस्ताव गेलेला आहे, जुन्यावर आता खर्च नको. नवा पूल अजून कागदावरून खाली उतरलेला नाही. जुना तसाच उभा आहे. आणि तो रिकामाही नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. पहिल्या महिन्यात मोटरसायकलवाल्यांनी मुरूम कडेनं सपाट केला. मग सोयाबीनचे ट्रॅक्टर जायला लागले. गळीत हंगाम सुरू झाला तसे उसाचे ट्रेलर, एकामागं दोन जोडलेले, शिगोशीग भरलेले. त्या मुक्कामी गाडीपेक्षा कितीतरी जड. गावाला सांगून पाहिलं, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. लोक म्हणतात, हाव, बरोबर हाय, आन् जातात. माझा अहवाल त्या पुलावर एकट्या एसटीनं पाळला. माझ्यामुळे त्या नदीवर फक्त एक पोरगी अडली.

आता जे लिहायचं आहे त्याची मला लाज वाटते. तो पूल पडावा असं मला वाटतं.

वर कुणी नसताना. भर दुपारी, पाणी असताना, ऊस संपल्यावर. मधला खांब बसावा आणि तो सगळा पांढरा पूल एका अंगाला कलावा, आणि दादानं फोन करून सांगावं की तू म्हनलीस तसंच झालं. मग मला निवांत झोप लागेल. एवढ्यासाठी मी जांभळा नकाशा दिसला की फोन उचलते. आत्या म्हणते, "पूल हाय की जागेवर, तुजा जीव भांड्यात पडला का आता?" आणि मी खोटंच हो म्हणते. ज्या पुलावरून तिनं आम्हाला घरात घेतलं, त्या पुलाचं मी वाईट चिंतते, आणि ती मला आशीर्वाद देते. पूल पडला तर सगळ्या गावाचे हाल होतील हेही मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

यंदा भाद्रपदात चाकूरकडे दोन दिवस पाऊस झोडपत होता. मी सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी पुन्हा केला. सकाळी दादानं उचलला. पाणी कठड्याला लागलंय म्हणाला. दुपारी आत्यानं उचलला. घरात सगळे ठीक हाव म्हणाली आणि माझं जेवण झालं का ते विचारलं. संध्याकाळी पोरीनं उचलला.

"आत्तू, न्हाई पडला," ती म्हणाली.

मी विचारलं, "आजीच्या डोळ्यांत थेंब घातलेस का?"

"हाव, घातले." मागून आत्याचा आवाज आला, कुनाचा गं फोन, म्हणून. पोरगी फोन घेऊन दुसरीकडे गेली असावी, कारण मग पत्र्यावरचा पाऊस मोठ्यानं ऐकू यायला लागला.

"आज्जीनं मला मागंच सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुजे बाबा दर रविवारी पुलाखाली जाऊन रेघा बघायचे म्हनून. त्या कुटं गेल्या ते मला कळलं. पप्पांना ठाऊक न्हाई. आन् आज्जीला वाटतंय, तू तिच्यासाठी फोन करतीस. ऱ्हाऊ दे तसंच. पूल पडला तर मी करते तुला फोन. तू सारखं नको करू."

मी बरं म्हटलं.